धागा: अठरानंतर काय? बौद्धिक दिव्यांग मुलांचं काम, कागदपत्रं आणि मोठं होणं

उंबरठा (धागाकर्ता)

विशेष शाळा असते तोवर दिवस आखलेला असतो. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते. जवळ कार्यशाळा (अशा मुलांना शिकवून तिथेच काम देणारं केंद्र) असेल आणि तिथे जागा असेल तर ठीक, नाहीतर मूल घरी टीव्हीसमोर. वर्षभर घरी बसलं की मेहनतीने बसवलेल्या सवयी मोडायला लागतात. वेळेवर उठणं, रांगेत थांबणं, घरच्यांशिवाय दुसऱ्याचं ऐकणं, हे सगळं पुन्हा शून्यावर येतं. हा धागा त्या वळणाविषयी आहे. बौद्धिक अक्षमता, डाऊन सिंड्रोम, सोबत ऑटिझम किंवा फिट्स असलेली मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी, पण कृपया नेमकं लिहा. कोणतं काम, कोणत्या पायऱ्या, कुठे अडतं, असं.

माझं पहिलं म्हणणं: ‘आधी पूर्ण शिकवू, मग नोकरी बघू’ हा क्रम उलटा करा. जागा आधी शोधा, काम तिथेच शिकवा. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरता न येणं ही या मुलांची मूळ अडचण आहे. कार्यशाळेत लाकडी टेबल निळ्या फडक्याने चकाचक पुसणारा मुलगा कॅन्टीनमध्ये स्टीलचं टेबल आणि स्प्रेची बाटली समोर आली की हात बांधून उभा राहतो. लोक म्हणतात, ‘याला येत नाही.’ त्याला येतं, पण ते त्या टेबलावर येतं. पाच वर्षं मेणबत्त्या करून हॉटेलातल्या कामाची तयारी होत नाही.

दुसरं, बुद्ध्यंकावरून काम ठरवू नका. त्यापेक्षा हे बघा: सलग किती वेळ उभं राहता येतं? मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा हातातल्या कामाकडे वळतो का? कच्चा माल संपला तर मागतो की गप्प बसून राहतो? लघवीला जायचं सांगतो का? मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज चालतो का? ‘असं नाही, असं कर’ म्हटल्यावर रुसतो की बदल करतो? याची उत्तरं कागदी चाचणीत मिळत नाहीत. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, उदाहरणार्थ किराणा दुकान, रोपवाटिका आणि ऑफिसची पॅन्ट्री, प्रत्येकी चार-पाच दिवस रोज दोन तास प्रत्यक्ष काम करू द्या. विशेष शिक्षकाने बाजूला उभं राहून नोंदी घ्यायच्या. मुलाची आवडही तिथेच कळते. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं तर बरीच मुलं शेवटचा ऐकलेला पर्याय सांगतात.

----

साधीसुधी

फार गरजेचा धागा. मुलगी डाऊन सिंड्रोमची, वय १६, दिव्यांग प्रमाणपत्रावर ७५ टक्के. बोलणं थोडं अस्पष्ट, पण समज चांगली. आत्तापासून काय सुरू करावं? कागदपत्रांचं कुणी क्रमाने सांगेल का?

----

गोदाकाठ

साधीसुधीताई, कागदांचं मी सांगतो.

७५ टक्के म्हणजे मध्यम गट. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के असे ठरलेले आकडे आहेत. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र ५, १० आणि १८ या वयांत नव्याने काढावं लागतं. अठराव्या वर्षी निघालेलं आयुष्यभर चालतं. त्यामुळे अठरा पूर्ण होताच जिल्हा रुग्णालयात जाऊन हे काम संपवा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र) त्यावरूनच अद्ययावत होतं. बरेच जण दहाव्या वर्षीच्या कार्डावर विसंबून राहतात आणि नेमकी नोकरीची किंवा पेन्शनची वेळ आली की ‘मुदत संपली’ म्हणून फाईल परत येते.

आधारमधले ठसे आणि डोळ्यांची नोंद पंधराव्या वर्षानंतर अद्ययावत करावीच लागते. ती झाली नसेल तर पुढे बँक, सिमकार्ड, रेशन सगळीकडे अडकतं. मुलीचं १६ आहे, लगेच बघा.

बँक: अल्पवयीन म्हणून उघडलेलं (अज्ञान) खातं अठराव्या वाढदिवसानंतर बँक थांबवते, मग नव्याने केवायसी आणि मुलीची स्वतःची सही लागते. सही नसेल तर अंगठा चालतो, पण सही शिकवाच. पूर्ण नाव नको, दोन अक्षरी वळण चालेल, फक्त ते दर वेळी सारखं यायला हवं. रोज एका ठरलेल्या चौकटीत पाच वेळा, असं सहा महिने. चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी लहान करत न्यायची.

पालकत्व: अठरानंतर आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे फार जणांना माहीत नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी जिल्हास्तरीय समिती आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज नमुना ‘अ’ मध्ये. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो. आई-वडिलांपैकी कुणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. आई आणि वडील दोघांनी मिळून अर्ज करता येतो आणि तसाच करावा.

नेमणूक झाल्यावर काम संपत नाही. मुलीच्या नावावरच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत समितीला द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हे कुणी करत नाही आणि पुढे जमीन-फ्लॅटचा व्यवहार आला की धावपळ होते.

एक मात्र सांगतो. नोकरीसाठी पालकत्व प्रमाणपत्र लागत नाही. ज्या मुलाला आपला पगार आणि खर्च समजतो त्याच्यासाठी सरसकट पालकत्व घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा रोख मर्यादित पालकत्वाकडे आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, तिच्याशी बोलून. मतदार नोंदणी तर अठरा होताच करा. न्यायालयाने मनोविकल म्हणून जाहीर केलेलं नसेल तर नाव नोंदवायला अडथळा नाही.

----

भाजणीवाली

उंबरठादादा, मुद्द्याशी सहमत, पण कार्यशाळा मोडीत काढू नका. तीव्र गटातल्या मुलांना बाहेरची नोकरी मिळणं अवघड आहे आणि त्यांनाही कामाचा हक्क आहेच. तिथलं काम नीट बसवलं तर त्यांच्या हातून विकण्याजोगा माल निघतो. निदेशक (तिथे शिकवणारे) नीट बसवत नाहीत, मग अर्धं काम स्वतःच करतात आणि मुलं नुसती बसलेली असतात.

२०० ग्रॅम भाजणीचं पाकीट घेऊ. लोक म्हणतात, ‘वजन करता येत नाही, आकडे कळत नाहीत.’ आकडे कळायची गरज नाही. साधा दोन पारड्यांचा तराजू घ्या. एका पारड्यात बरोबर भरलेलं नमुन्याचं पाकीट ग्लासासकट टेपने कायमचं चिकटवून ठेवा, दुसऱ्यात रिकामी पिशवी उभी करा, तशाच, तेवढ्याच वजनाच्या ग्लासात. मुलगा चमच्याने भाजणी टाकतो, काटा मधल्या हिरव्या पट्टीत आला की थांबतो. हिरवी पट्टी जराशी जास्तीकडे झुकलेली ठेवा, कारण वजन कमी भरलं तर तक्रार येते, दोन-तीन ग्रॅम जास्त गेलं तर येत नाही. चमचे दोन ठेवा, मोठा लाल आणि छोटा पिवळा. लाल चमच्याने ठरावीक सहा, मग पिवळ्याने थोडं थोडं. सहा मोजता येत नसेल तर पाटावर सहा मणी. एक चमचा टाकला की एक मणी सरकवायचा.

आता सील का उघडतं? निदेशक मशीनचं तापमान वाढवत बसतात आणि पिशवी जळते. खरं कारण पीठ. पिशवीच्या तोंडाशी पिठाचा थर राहिला तर दोन्ही बाजू चिकटत नाहीत. उपाय रुंद तोंडाचं नरसाळं, ज्याची नळी पिशवीत तीन-चार बोटं आत जाते, आणि सील करण्याआधी कोरड्या फडक्याने तोंड आतून पुसण्याची स्वतंत्र पायरी. दुसरं कारण गरम माल. भाजणी पूर्ण गार व्हायला हवी, नाहीतर आत वाफ धरते आणि आठवड्यात वास येतो. तिसरं, दिवा विझताच मूल दांडा सोडतं. ‘दिवा विझला, एक-दोन-तीन, सोड’ हे गाण्यासारखं बसवा. हाताच्या मशीनपेक्षा पायाने दाबायचं मशीन बरं, दोन्ही हात पिशवी ताणून धरायला मोकळे राहतात.

आणि प्रत्येक मुलाला एकच पायरी कायमची देऊन टाकू नका. दोन वर्षं फक्त लेबल चिकटवणारी मुलगी कंटाळते, मग ओरडते, आणि फाईलमध्ये लागतो ‘वर्तन समस्या’चा शेरा.

----

उंबरठा

भाजणीवालीताई, मान्य. तराजूची युक्ती मी उचलणार.

आता कामाच्या जागी शिकवायचं कसं, ते लिहितो. ऑफिस कॅन्टीनमध्ये जेवणानंतर टेबल साफ करणं हे उदाहरण. आधी शिक्षकाने ते काम स्वतः तिथे करावं आणि पायऱ्या लिहाव्यात, कारण आपल्याला एक वाटणारी गोष्ट पाच कृतींची असते. ट्रॉली टेबलाजवळ आणणे. उरलेलं अन्न डब्यात. ताटं एकावर एक. वाट्या वेगळ्या. चमचे खोक्यात. स्प्रे तीनदा. फडकं चौघडी. दूरच्या कडेपासून आपल्याकडे पुसणे. कडा. खुर्च्या आत. फडक्याची बाजू उलटणे. पुढचं टेबल. बारा झाल्या.

प्रत्येक पायरीसमोर रोज एक अक्षर: स्व (स्वतः केलं), ख (खुणेने), सां (सांगून), दा (करून दाखवून), हा (हात धरून). मदत नेहमी कमीत कमी. आधी पाच सेकंद थांबा, मग बोटाने दाखवा, मग बोला. बहुतेक शिक्षक आधी बोलतात आणि तिथेच घोटाळा होतो. मुलगा कामाकडे बघून नाही तर आवाजावर चालायला लागतो. शिक्षक गेला की आवाज गेला, काम बंद. म्हणून शक्यतो खूण आणि चित्रं वापरा. चित्रं मागे काढून घ्यायची गरज नाही, ती भिंतीवर राहिली तरी चालतात.

बारापैकी दहा-अकरा पायऱ्या सलग तीन दिवस ‘स्व’, आणि तेही शिक्षकाशिवाय दुसऱ्या कुणासमोर, असं झालं की मदत मागे घ्यायला सुरुवात. पहिले दोन आठवडे शिक्षक पूर्ण वेळ, मग फक्त शिफ्टची सुरुवात आणि शेवट, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. महिन्याची भेट मात्र कधीच बंद करू नका. सुटलेल्या नोकऱ्या बघितल्या तर काम न येण्यामुळे फार थोड्या सुटतात. सुपरवायझर बदलतो आणि नव्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, हे कारण कितीतरी जास्त वेळा असतं.

----

मनुष्यबळ

कंपनीच्या बाजूने थोडं. संस्था आमच्याकडे ‘या मुलांना संधी द्या’ म्हणून येतात. तसं येऊ नका. ‘तुमच्याकडे कुशल माणसाचा वेळ खाणारं, रोज तेच ते, ठरावीक काम कोणतं?’ असं विचारा. लॅबमध्ये बाटल्यांना लेबलं, हॉस्पिटलमध्ये चादरींच्या घड्या, दुकानात मालाची मांडणी, ऑफिसात कुरिअरचं वाटप. चार जणांच्या कामातले असे तुकडे काढून एक पद तयार करता येतं. तयार जाहिरातीत मुलगा बसवायला गेलात तर बसणार नाही.

दुकानाच्या मांडणीत हमखास होणारी चूक म्हणजे नवा माल पुढे आणि जुना मागे. तारीख वाचता येत नसेल तर गोदामातच पेट्यांवर आठवड्याच्या रंगाचा ठिपका लावा आणि ‘नवा ठिपका मागे’ एवढाच नियम शिकवा. हा ठिपका बाकीच्या कामगारांच्याही उपयोगी पडतो.

कायद्याचं: २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांग हक्क अधिनियमाखालच्या नियमांनुसार समान संधी धोरणात पदं, सोयी, निवडीची पद्धत हे लिहावं लागतं आणि संपर्क अधिकारी नेमावा लागतो. ‘दिव्यांग आहे म्हणून कमी पगार’ असं मालकाने परस्पर ठरवायचं नसतं. कामाचे तास कमी ठेवायचे असतील तर तास कमी, दर तोच. ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) वेतनमर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांग कर्मचाऱ्याला २५,०००.

सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी तासभर माहिती द्या. मुलाचं निदान सांगत बसू नका, वागायचं कसं ते सांगा. एका वेळी एकच सूचना. ‘जरा ते तिकडचं बघून घे’ असं नाही, ‘हा खोका त्या टेबलावर ठेव’ असं. त्याच्या वतीने काम करू नका. आणि लाड नकोत. चहाबरोबर रोज चार जण बिस्किटं देतात आणि सहा महिन्यांत सहा किलो वाढतात. सूचना देणारी व्यक्ती एकच ठेवा, आणि तिच्या रजेच्या दिवसासाठी दुसरी ठरवून ठेवा.

निरोपाचंही बघा. शिफ्ट संपली की घरी जायचं हे वेगळं शिकवावं लागतं. घड्याळ कळत नसेल तर कंपनीच्या भिंतीवरच्या घड्याळासारखं चित्र, काटे त्या जागी काढलेले, खिशात.

----

कात्रज_ते_निगडी

प्रवासाबद्दल कुणीच बोललं नाही. नोकरी मिळते आणि आईला रोज सोडायला-आणायला जावं लागतं म्हणून दोन महिन्यांत सुटते. जागा निवडतानाच शक्यतो एका बसची निवडा. बस बदलावी लागली की अवघडपणा दुप्पट नाही, चौपट होतो.

क्रम असा: आधी काही दिवस सोबत, पण पुढे मुलगा आणि एक पाऊल मागे तुम्ही. रस्ता त्याने दाखवायचा. मग बसमध्ये वेगळ्या सीटवर. मग तुम्ही थांब्यावर अलीकडे उभे आणि तो एकटा चढतो, उतरायच्या थांब्यावर दुसरं कुणी. मग दुचाकीवरून बसच्या मागे, त्याला न सांगता. मग एकटा, चढल्यावर एक फोन आणि पोचल्यावर एक. प्रत्येक टप्पा सलग पाच दिवस नीट झाल्याशिवाय पुढचा नाही.

बसचा नंबर वाचता येत नसेल तर पास ठेवायच्या पाकिटात तोच नंबर बसवरच्यासारख्या मोठ्या अक्षरात. मुलगा कार्ड वर धरून जुळवतो. उतरायचा थांबा ‘अमुक स्टॉप’ म्हणून नका शिकवू. आधीच्या थांब्यावरची ठळक खूण शिकवा, म्हणजे पेट्रोल पंप दिसला की उठायचं. दुकानाची पाटी खूण म्हणून घेऊ नका, पाट्या बदलतात. पूल, देऊळ, पाण्याची टाकी चालते.

बिघाडांचा सराव मुद्दाम करा, कारण नेहमीचा प्रवास सगळे शिकतात आणि पहिल्याच बिघाडाला घाबरतात. बस आलीच नाही तर? थांब्यावरच थांब आणि फोन कर. चुकीच्या बसमध्ये चढला तर? कंडक्टरला कार्ड दाखव. त्या कार्डावर दोन फोन नंबर आणि ‘मला या थांब्यावर जायचं आहे’ एवढंच. घरचा पत्ता आणि निदान दर्शनी बाजूला लिहू नका. मदत कुणाकडे मागायची तेही ठरवा: कंडक्टर, पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेली व्यक्ती. रस्त्यात स्वतःहून ‘चल सोडतो’ म्हणणाऱ्याबरोबर नाही.

एसटीत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत बौद्धिक दिव्यांगांना सोबती असेल तरच मिळते, म्हणजे एकट्याने लोकलने कामाला जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. पासचा खर्च त्या हिशेबाने धरा.

----

पलीकडचा_किनारा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांसाठी: तिथे शाळेच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात १६ व्या वर्षापासून पुढच्या आयुष्याची योजना लिहावी लागते आणि बहुतेक राज्यांत २१-२२ पर्यंत शाळा मिळते. अठरानंतर पूरक सुरक्षा उत्पन्नासाठी (एसएसआय, सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) पालकांचं उत्पन्न धरत नाहीत, म्हणून आधी नाकारलेला अर्ज पुन्हा करा. मात्र मुलाच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त बचत असली की ते बंद होतं. आजी-आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावावर ठेवलेली ठेव इथे आडवी येते.

भारतात उचलण्यासारखी एक गोष्ट: १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेली प्रोजेक्ट सर्चची पद्धत. शेवटच्या शालेय वर्षात वर्गच रुग्णालयात भरतो. सकाळी तासभर वर्ग, उरलेला दिवस एखाद्या विभागात काम, आणि वर्षात असे तीन विभाग. आपल्याकडचं मोठं हॉस्पिटल आणि एखादी विशेष शाळा यांनी मनात आणलं तर एक शिक्षक आणि आठ-दहा मुलांवर हे सुरू होऊ शकतं.

----

साधीसुधी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रश्न उरले. एक, सरकारी नोकरीत आरक्षण आहे असं ऐकलं, त्याचा उपयोग होतो का? दुसरा नाजूक आहे. मुलगी सगळ्यांना मिठी मारते. कामावर कसं होणार?

----

गोदाकाठ

पहिल्याचं उत्तर. २०१६ च्या कायद्यात सरकारी पदांत दिव्यांगांना ४ टक्के, त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. परीक्षा मात्र एकच. त्यामुळे अध्ययन अक्षमता असलेला पदवीधर आणि आपली मुलं एकाच रांगेत उभी राहतात. सौम्य गटातल्या, मुक्त विद्यालयातून दहावी झालेल्या मुलांनी अर्ज जरूर करावा, पण घरदार त्यावर अवलंबून ठेवू नये.

आणि नोकरी लावण्याआधी पेन्शनचा हिशेब करा. पालक सरकारी सेवेत असतील तर दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. केंद्र सरकारच्या नियमात २०२१ पासून अट अशी की अपत्याचं इतर उत्पन्न मूळ दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत यापेक्षा, कमी हवं. कॅन्टीनमधल्या पगाराने ही रेषा सहसा ओलांडली जात नाही, म्हणून घाबरून नोकरी नाकारू नका, आकडेमोड करा. राज्याचे नियम वेगळे आहेत, आपल्या कार्यालयात लेखी विचारा. पालक हयात असतानाच अपत्याचं नाव पेन्शनच्या आदेशात घालून घ्या. नंतर भावंडांना हे काम फार जड जातं.

आरोग्य विम्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपीचाही काही भाग. नूतनीकरण दर वर्षी लक्षात ठेवावं लागतं. फ्लॅट किंवा मोठी ठेव सरळ मुलीच्या एकटीच्या नावावर करू नका. मृत्युपत्र आणि खासगी विश्वस्त न्यास करा, विश्वस्त किमान दोन आणि त्यातला एक तुमच्यापेक्षा वयाने बराच लहान. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हेही लक्षात असू द्या.

----

भाजणीवाली

दुसऱ्याचं मी सांगते, कारण यावर कुणी उघड बोलत नाही आणि मुली उघड्यावर पडतात.

मिठी आजच थांबवा, १८ ची वाट बघू नका. वर्तुळांचा तक्ता करा. आतल्या वर्तुळात आई, बाबा, आजी यांचे फोटो: मिठी चालते. पुढच्यात मावशी, शेजारच्या काकू: हात हातात. त्यापुढे बाई, ड्रायव्हरकाका, कामावरचे लोक: नमस्कार किंवा हात हलवणे. सगळ्यात बाहेर अनोळखी: काहीच नाही. पण तक्ता करून घरच्यांनी आणि शिक्षकांनी पाळला नाही तर काही उपयोग नाही. सोळा वर्षांच्या मुलीचे गाल ओढणारे पाहुणे आणि मांडीवर बसवणारे काका आधी थांबवावे लागतात. तिने पुढे होऊन मिठी मारली तर ढकलू नका, रागावू नका. एक हात पुढे करून हस्तांदोलनात वळवा.

‘नाही’ म्हणायला शिकवा, आणि तिचं ‘नाही’ घरात मानलं जाऊ द्या. भाजी नको, हा ड्रेस नको, इथून सुरुवात. दिवसभर मोठ्यांचं ऐकणं हाच गुण म्हणून शिकवलेली मुलगी नको त्या माणसाचंही ऐकते. अवयवांची खरी नावं शिकवा, म्हणजे काही झालं तर सांगता येईल. स्वतःच्या शरीराला हात लावणं हे खोलीचं दार बंद करून, एकटीने, एवढाच नियम. शिक्षा नको. मुलांनाही हेच लागू.

पाळी: पॅड बदलणं कामाच्या जागच्या संडासात शिकवा, घरचा सराव तिथे पुरत नाही. पॅडची खरी जागा दिसावी म्हणून अंतर्वस्त्रावर पॅडच्या आकाराची रेघ शिवा. वेळ कळत नसेल तर ‘चहाच्या सुट्टीत आणि जेवणानंतर बदलायचं’ असं कामाच्या वेळापत्रकाला बांधा. बॅगेच्या ठरलेल्या कप्प्यात दोन पॅड, कागदी पिशवी, एक जादा अंतर्वस्त्र.

आणि अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) लागत नाही, पण संरक्षण संपत नाही. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ७ खाली छळ, शोषणाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे करता येते, पोलिसांचा मार्ग आहेच. कंपनीत लैंगिक छळाविरुद्धची तक्रार समिती असेल तर तिच्या सदस्यांना ही मुलगी कशी बोलते हे आधीच माहीत करून द्या.

----

उंबरठा

डाऊन सिंड्रोमबद्दल एक जोड. थायरॉइड वर्षातून एकदा, कान आणि डोळे दोन वर्षांतून एकदा तपासा. काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांत ढिलेपणा असतो, म्हणून डोक्यावर ओझं देऊ नका. विशीत अचानक वेग मंदावला, बोलणं कमी झालं, कामावर झोप येते, तर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य, ही तिन्ही बघून घ्या.

फिट्स असतील तर उकळतं तेल, कापणारी मशीन आणि शिडी ही कामं टाळा. दुपारची गोळी असेल तर ती शक्यतो डॉक्टरांकडून सकाळ-संध्याकाळवर बसवून घ्या. जेवणाच्या सुट्टीत गोळी विसरली जातेच. दोन सहकाऱ्यांना शिकवून ठेवा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर सरळ हॉस्पिटल.

पैशाचं: सुटे मोजणं जमत नसेल तर ‘पुढची दहा’ शिकवा. ३७ म्हटलं की चार दहाच्या नोटा, उरलेलं परत घ्यायचं. दहापर्यंत मोजता येणाऱ्याला एवढ्याने बाजारहाट जमतो. यूपीआय द्यायचं असेल तर वेगळं छोटं खातं, त्यात आठवड्याचाच खर्च. पगार मुख्य खात्यात. कामावरच्या ‘मित्रा’ने उसने मागणं हा प्रकार फार होतो. उसने द्यायचेच नाहीत असा सरळ नियम घाला, पारखायला सांगू नका.

----

नवा_सदस्य_४४

मुलगा सौम्य गटातला, एका पॅकिंग युनिटमध्ये पाच महिने छान चालला होता. दिवाळीची दहा दिवस सुट्टी झाली आणि आता जायलाच तयार नाही. जबरदस्ती करावी का?

----

मनुष्यबळ

जबरदस्ती नको, पण ‘मन झालं की जा’ हेही नको. आधी दोन गोष्टी फोनवर विचारा: सुट्टीनंतर त्याचा सुपरवायझर, जागा किंवा शेजारी बदलला का? आणि सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी काही झालं का, कुणी रागावलं, चिडवलं? हे आधी निस्तरल्याशिवाय पाठवू नका.

तसं काही नसेल तर अर्ध्या दिवसाने सुरू करा, कंपनीकडून तशी परवानगी मागा. पहिले दोन दिवस शिक्षकाने किंवा तुम्ही फाटकापर्यंत. पहिला तास त्याला सगळ्यात सोपं आणि आवडतं काम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणापर्यंत, आठवड्याने पूर्ण. घरी राहिलेल्या दिवशी टीव्ही आणि मोबाईल कामाच्या वेळेत बंद, नाहीतर घर जिंकतं.

----

भाजणीवाली

आणि उन्हाळ्याच्या, गणपतीच्या सुट्टीआधी भिंतीवर कॅलेंडर लावा. सुट्टीचे दिवस एका रंगात, कामाचे दुसऱ्या रंगात, रोज रात्री त्याने स्वतः एक दिवस खोडायचा. सुट्टीतही उठायची वेळ, आंघोळ आणि डबा भरणं चालू ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत कामाचा शर्ट इस्त्री करून दारामागे अडकवा आणि त्याच्या हाताने सहकाऱ्यांसाठी फराळाचा डबा भरून ठेवा. डबा द्यायला तरी तो जातो, आणि एकदा आत गेला की बहुतेक वेळा थांबतो.

----

नवा_सदस्य_४४

सुपरवायझर बदलले आहेत, आत्ताच फोन केला. उद्या शाळेच्या बाईंना सोबत घेऊन त्यांना भेटायला जातो, पायऱ्यांचा तक्ताही नेतो.

----

उंबरठा

तक्त्याबरोबर ‘स्व-ख-सां’च्या मागच्या महिन्याच्या नोंदी असतील तर त्याही न्या. नव्या साहेबांना ‘हा काय करू शकतो’ ते कागदावर दिसू द्या, आणि पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं त्यांनी स्वतः त्याला सूचना द्यावी असं ठरवून या. बाईंनी त्या वेळी बोलू नये.